रग्बी लीग आणि टाइप वन मधुमेह: निदानापासून निवृत्तीपर्यंत काय काय करायचं

रग्बी लीगचा खेळाडू स्टीव्ह रेनॉफला टाइप वन मधुमेह (शरीरात इन्सुलिन बनणं बंद होतं तो) असल्याचं कळलं ते १९९३ साली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता, ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या ऑस्ट्रेलियन क्लबचा सेंटर (मागच्या फळीतला धावपटू) होता आणि खेळाच्या ऐन भरात होता. पुढे त्याने ब्रॉन्कोजकडून १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदं मिळवली, त्यातल्या १९९७ च्या अंतिम सामन्यात तीन ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवायचे गुण) केले आणि २००१ मध्ये इंग्लंडच्या विगन क्लबकडून खेळून निवृत्ती घेतली. ऑस्ट्रेलियातल्याच मॅनली क्लबचा फुलबॅक (सगळ्यांत मागे खेळणारा) ब्रेट स्ट्युअर्टही टाइप वनवालाच. २००८ आणि २०११ च्या विजेत्या संघांत तो होता. रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे युनियनमध्ये, हेन्री स्लेडला १८ व्या वर्षी निदान झालं आणि नंतर तो इंग्लंडकडून खेळला. आपल्या जास्त ओळखीचं नाव हवं असेल तर वसीम अक्रम घ्या. १९९७ मध्ये मधुमेह निघाला, २००३ पर्यंत गोलंदाजी केली.

म्हणजे ‘आता खेळणं संपलं का?’ या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. हा लेख त्यापुढच्या कामांबद्दल आहे. ती कामं बरीच आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर खेळाडू मैदानावर नको तिथे अडकतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सामन्याच्या ८० मिनिटांची सगळे धास्ती घेतात. पण त्या वेळी भोवती डॉक्टर असतो, ट्रेनर असतो, हजारो डोळे असतात. खरी काळजी करायची ती सामन्यानंतरच्या रात्रीची, कारण तेव्हा खेळाडू हॉटेलच्या खोलीत एकटा झोपलेला असतो.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रत्येकी १३ खेळाडू, ४० मिनिटांचे दोन भाग, मध्ये १० मिनिटं विश्रांती. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरचे कबड्डीतल्या पकडीसारखे धरून पाडतात, यालाच टॅकल म्हणतात. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. थोडा वेळ जीव खाऊन धावणं, धडक, उठणं, पुन्हा रांगेत येणं, असं सतत चालतं. रक्तातली साखर वरखाली करायला याहून चांगली व्यवस्था कोणी मुद्दाम आखली नसती.

आकड्यांबद्दलही आधीच बोलून घेऊ. इथे शुगरचे आकडे आपल्याकडच्या पद्धतीने, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिले आहेत. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधले मीटर मिलिमोल दाखवतात. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. सिडनीहून मुलाने फोनवर ‘शुगर १० आहे’ म्हटलं तर इथे आईने घाबरायचं कारण नाही, ते १८० आहेत.

निदान पक्कं करून घ्या

लक्षणं नेहमीचीच: सारखी तहान, रात्री चारचारदा लघवीला उठणं, वजन उतरणं, थकवा. पण खेळाडूच्या बाबतीत ती सहज निसटतात. प्री-सीझनमध्ये, म्हणजे स्पर्धेआधीच्या सरावाच्या काळात, वजन उतरलं की ट्रेनर पाठ थोपटतो. उन्हाळी सरावात तहान सगळ्यांनाच लागते. थकवा आला की ‘लोड कमी कर’ म्हणतात. म्हणून दोन आठवड्यांत कारण नसताना ताकद घसरली आणि तहान वाढली, तर बोटाच्या थेंबाची तपासणी त्याच दिवशी करावी. एक मिनिटाचं काम आहे.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, ही मधुमेहाची सीमा. यानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: टाइप वन की टू? मोठ्या वयात सुरू झालेला टाइप वन अनेकदा टाइप टू समजून गोळ्यांवर ठेवला जातो. धिप्पाड शरीराच्या फॉरवर्डच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या, बाबतीत ही चूक आणखी सहज होते, वजनाकडे बघूनच मत बनतं. जीएडी अँटिबॉडी (शरीर आपल्याच स्वादुपिंडावर हल्ला करतंय का) आणि सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिन बनतंय का) या दोन तपासण्या मागून घ्या. शरीरात इन्सुलिन बनतच नसेल आणि तुम्ही गोळ्यांच्या भरवशावर सराव करत राहिलात, तर रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचतात. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास दिसले तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच अनेकांची गरज अचानक कमी होते. स्वादुपिंडात उरलेल्या पेशी थोडा काळ पुन्हा काम करू लागतात म्हणून असं होतं. आजार बरा झाला असा समज करून घेऊ नका. या काळात जुनाच डोस चालू ठेवला तर सरावात शुगर धाडकन खाली येते.

इन्सुलिन टोचण्याआधी किंवा नंतर, पण सूट मिळवायला अर्ज करा

इन्सुलिन जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या बंदी असलेल्या यादीत आहे, आणि तेही बाराही महिने, फक्त सामन्यापुरतं नाही. निरोगी माणूस ते स्नायू भरून काढण्यासाठी वापरू शकतो म्हणून. टाइप वन असलेल्याला ते जगायलाच लागतं, त्यामुळे उपचारासाठी सूट मिळते. पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. ब्रिटनमध्ये यूके अँटी-डोपिंगकडे, ऑस्ट्रेलियात स्पोर्ट इंटेग्रिटी ऑस्ट्रेलियामार्फत, भारतात नाडा या राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेकडे.

जीव वाचवायला लागणारा उपचार अर्जासाठी थांबवायचा नसतो. आधी इन्सुलिन सुरू करा, त्याच आठवड्यात कागद जमवा: निदानाचे लॅब रिपोर्ट, एचबीएवनसी, हार्मोनतज्ज्ञाचं पत्र, कोणतं इन्सुलिन आणि साधारण किती. तातडीच्या उपचारासाठी मागाहून सूट देण्याची तरतूद नियमांत आहे. इन्सुलिन बदललं किंवा क्लब बदलला तर सूट अजून लागू आहे ना, हे पुन्हा विचारून घ्या. मेटफॉर्मिनवर बंदी नाही.

आणखी एक खाच खेळाडूंना उशिरा कळते. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कोणत्याही जागी टोचलं तरी बंदीखाली येतं. शिवाय त्याने शुगर काही दिवस चढीच राहते. म्हणजे एका सुईचे दोन त्रास. डॉक्टर ‘बारीकसं इंजेक्शन देतो’ म्हणाला की नाव आणि तारीख दोन्ही लिहून घ्यायच्या.

क्लबला काय सांगायचं

माझं मत स्पष्ट आहे: क्लबच्या डॉक्टरला लगेच, मुख्य प्रशिक्षकाला काही दिवसांत, संघातल्या सोबत्यांना पहिल्या सामन्याआधी. लपवून खेळणारा खेळाडू शुगर खाली जाऊ नये म्हणून ती मुद्दाम चढी ठेवतो, आणि चढ्या शुगरने पाय जड होतात, निर्णय उशिरा होतात, फॉर्म जातो. मग क्लब म्हणतो, गडी संपला. आजाराने जेवढी करिअरं बिघडली नसतील तेवढी लपवण्याने बिघडत असतील.

तरीही करारावर सही व्हायची असेल तर धास्ती वाटणं समजण्यासारखं आहे. कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आणि ऑस्ट्रेलियात १९९२ चा अपंगत्व भेदभाव कायदा अशा खेळाडूला संरक्षण देऊ शकतो. नुसतं निदान झालं म्हणून काढून टाकता येत नाही, आणि रास्त सोयी करून देणं हे मालकाचं काम ठरतं. या सोयी मागताना नेमकं बोला. ‘मला समजून घ्या’ असं म्हणून काही मिळत नाही. बेंचजवळ साखरेचं पेय, ड्रेसिंग रूममध्ये फ्रिज, बैठकीच्या मध्यात मीटर बघायची मुभा, बाहेरगावी खोलीत सोबती, अशी यादी द्या. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग प्लेयर्स असोसिएशन ही खेळाडूंची संघटना आहे, करार वाचायला तिची मदत घ्यावी. विमा पॉलिसीतलं ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम एजंटवर न सोडता स्वतः वाचावं.

सरावात स्वतःचं शरीर मोजा

सगळे व्यायाम शुगर सारख्याच दिशेला नेत नाहीत, हे आधी पचवावं लागतं. सावकाश लांब धावणं शुगर उतरवतं. वजन उचलणं, छोट्या दौडी, धडकांचा सराव ती वर चढवू शकतात, कारण अ‍ॅड्रेनॅलिन यकृतातली साखर बाहेर काढतं. मंगळवारच्या जिममध्ये ११० वरून १९० आणि बुधवारच्या धावण्यात १६० वरून ८०, हे एकाच माणसाच्या बाबतीत होतं. म्हणून प्री-सीझन हीच खरी प्रयोगशाळा. सुरुवातीची शुगर, काय खाल्लं, किती युनिट, किती वाजता, सरावाचा प्रकार, संपतानाची शुगर आणि पहाटेची शुगर लिहीत जा. सहा आठवड्यांची अशी नोंद डॉक्टरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगते.

अंगाला चिकटवून सतत शुगर दाखवणारा सेन्सर दंडावर लावला तर टॅकलमध्ये उखडतो. पट्टी, चिकटपट्टी, जागा बदलणं, सगळं आधी सरावात करून पाहा. कुणी पाठीच्या वर, कुणी पोटाच्या बाजूला लावतो. अंगावर कठीण वस्तू असेल तर पंचांना हरकत घेता येते, तेव्हा परवानगी आधीच विचारून ठेवावी. शिवाय शुगर वेगाने पळत असताना सेन्सर काही मिनिटं मागे असतो. स्क्रीनवर ११० दिसतंय पण हात थरथरतायत, तर हातांवर विश्वास ठेवून बोटाचा थेंब तपासा.

अंगावर लावून इन्सुलिन सतत सोडणारा पंप वापरणारे तो धडकांच्या खेळात काढून ठेवतात. पण पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं. वॉर्मअप, सामना, मुलाखती धरून तो दोनअडीच तास बंद राहिला तर किटोन वाढू लागतात. काही जण म्हणूनच सीझनभर इन्सुलिनच्या पेनकडे वळतात, लांब चालणारं इन्सुलिन घेतात. कोणतं बरं, हे ज्याच्या त्याच्या नोंदींवरून ठरतं.

सामन्याचा दिवस

मुख्य जेवण सामन्याच्या तीन ते चार तास आधी. झटपट इन्सुलिनचा असर साधारण चार तास राहतो, म्हणजे पहिली किक होईपर्यंत अंगात फारसं इन्सुलिन उरत नाही. मैदानात उतरताना १२६ ते १८० असावी. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम साखर घ्यायची आणि वर येईपर्यंत थांबायचं. २७० च्या वर असेल तर किटोन तपासायचे. किटोन १.५ (हा आकडा मिलिमोलमध्ये) किंवा जास्त असतील तर त्या दिवशी खेळायचं नाही, यावर वाद नको. आदल्या २४ तासांत दुसऱ्याच्या मदतीने सावरावी लागेल इतकी शुगर खाली गेली असेल, तरीही नाही. हे दोन नियम खेळाडूने, डॉक्टरने आणि प्रशिक्षकाने सीझनआधी एकत्र बसून कागदावर लिहून सही करावेत. अंतिम सामन्याच्या दुपारी कुणाचंच डोकं थाऱ्यावर नसतं.

तुम्ही कुठल्या जागी खेळता याचा इथे मोठा संबंध येतो. प्रॉप, म्हणजे सगळ्यांत पुढचा धिप्पाड खेळाडू, २० ते ३० मिनिटांच्या टप्प्यांत खेळतो. संघाला ८ बदल मिळतात, त्यामुळे तो बेंचवर आला की तपासायला सवड मिळते. फुलबॅक मात्र सहसा पूर्ण ८० मिनिटं मैदानात असतो. त्याच्यासाठी पाणी घेऊन आत येणारा ट्रेनर हाच दुवा. दोन बाटल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं पेय. तोंडात माउथगार्ड, श्वास लागलेला, अशा वेळी चघळायची गोळी अडकू शकते. पेय किंवा जेल बरं. खूण ठरवून ठेवा, हात कमरेला दोनदा लावला की साखरेची बाटली.

हाफटाइमला बहुतेकांना शुगर चढलेली दिसते, कधी २५०, कधी जास्त. तिथे पूर्ण डोस टोचायचा मोह होतो. तो आवरा. हा आकडा बराचसा अ‍ॅड्रेनॅलिनचा असतो आणि आपणहून उतरतो. टोचायचंच असेल तर नेहमीच्या हिशेबाच्या निम्मं किंवा त्याहून कमी, तेही सरावात आजमावलेलं असेल तर.

डोक्याला मार की शुगर लो?

खेळाडू धडकेनंतर उठला, लडखडला, भलत्याच बाजूला चालू लागला, प्रश्नांना उशिरा उत्तरं देतोय. हे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं लक्षण आहे आणि शुगर खाली गेल्याचंही. मैदानावरच्या डॉक्टरला दोन्ही शक्यता एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात. म्हणून डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर घेतलं की पहिल्याच मिनिटाला बोटाचा थेंब घ्यावा. पण ५५ दिसलं, साखर दिली, बरा झाला, म्हणून ‘शुगरच होती’ असं म्हणून परत पाठवायचं नाही. खेळाडू एकाच टॅकलमध्ये दोन्हींचा बळी असू शकतो. डोक्याची तपासणी पूर्ण व्हायलाच हवी, आणि ती शुगर सावरल्यानंतर. तोवर उत्तरं चुकतातच.

बेशुद्ध खेळाडूच्या तोंडात साखर, पाणी, मध काहीही घालू नका. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे, आणि त्याने श्वास अडकतो. अशा वेळी नाकात मारायचा किंवा टोचायचा ग्लुकागॉन (यकृतातली साखर रक्तात सोडायला लावणारं औषध) आणि अँब्युलन्स. किट कुठे आहे हे डॉक्टरबरोबर आणखी दोन माणसांना तरी माहीत असलं पाहिजे.

सामन्यानंतरची रात्र

ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये शुक्रवारचे मोठे सामने रात्री आठच्या सुमारास सुरू होतात. संपायला पावणेदहा. मग बर्फाचं टब, मसाज, मुलाखती, जेवण. अकरा वाजता शुगर २६० असते, कारण अ‍ॅड्रेनॅलिन अजून उतरलेलं नाही. खेळाडू ती उतरवायचा डोस घेतो. जेवणासाठी पूर्ण डोस घेतो. जिंकलेत म्हणून दोनचार बिअर होतात. यातली प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर नेहमीची आहे. सगळ्या एकत्र आल्या की पहाटे तीनला शुगर ४० वर येऊ शकते.

असं का होतं? स्नायूंनी सामन्यात आपला साखरेचा साठा जाळलेला असतो. तो भरून काढण्यासाठी ते रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, आणि अशा स्नायूंवर इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त जोराने काम करतं. ही वाढलेली संवेदनशीलता २४ तास किंवा त्याहूनही जास्त टिकू शकते. एरवी शुगर खाली गेली की यकृत मदतीला येतं. पण त्याचाही साठा सामन्यात उतरलेला असतो आणि दारू नवी साखर बनवण्याचं काम अडवते. त्या रात्री ग्लुकागॉनसुद्धा हवा तसा चालत नाही, कारण तो यकृतातल्या साठ्यावरच अवलंबून असतो.

करायचं ते असं. सामन्यानंतरचा चढलेला आकडा तासभर नुसता पाहायचा, लगेच टोचायचं नाही. जेवणाचा डोस नेहमीच्या निम्म्यापर्यंत कमी. रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन साधारण २० टक्के कमी, अर्थात हे प्रमाण आपल्या डॉक्टरबरोबर ठरवलेलं असावं. झोपण्याआधी दूध-ब्रेड किंवा तत्सम काही, त्यासाठी वेगळा डोस न घेता. सेन्सरचा अलार्म जोरात ठेवायचा आणि त्याची सूचना खोलीतल्या सोबत्याच्या किंवा घरच्या माणसाच्या फोनवरही जाईल अशी सोय करायची. सेन्सर नसेल तर पहाटे तीनचा गजर. झोपमोड होते, पण दुसऱ्या दिवशी विश्रांतीच असते.

बिअर अजिबात घ्यायची नाही असं सांगून उपयोग नाही, तो सल्ला पाळला जात नाही. घेणार असाल तर पोटात जेवण गेल्यावर, मोजून, आणि झोपताना शुगर १५० च्या आसपास किंवा वर असेल याची खात्री करून. नशेत आहे असं समजून सोबत्यांनी झोपवून ठेवलं आणि प्रत्यक्षात शुगर खाली होती, असं होऊ शकतं. संघातल्या दोघातिघांना हा फरक समजावून सांगा. शंका आली तर बोट टोचून बघायचं.

गाडी चालवत घरी जाणार असाल तर ब्रिटनमध्ये नियम कडक आहे. इन्सुलिन घेता हे परवाना देणाऱ्या संस्थेला कळवावं लागतं आणि निघण्याआधी दोन तासांच्या आत तपासणी झालेली असावी लागते. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग चावी लावा.

प्रवास

ऑस्ट्रेलियन लीगमध्ये खेळणाऱ्या न्यूझीलंड वॉरियर्सला दर एक-दोन आठवड्यांनी समुद्र ओलांडावा लागतो, इंग्लिश क्लब फ्रान्समधल्या पर्पिन्यांला उडतात, आणि २०२४ पासून ऑस्ट्रेलियन लीगचे काही क्लब सीझनची सुरुवात लास व्हेगासला करतात. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, सामानाच्या पोटात ते गोठतं. गरजेच्या दुप्पट घ्या आणि अर्धं दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. वेळ बरीच बदलणार असेल तर लांब चालणाऱ्या इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी कागदावर मांडून घ्या.

दुखापतीचे महिने

इथे बहुतेक जण चकतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, धावणं बंद झालं, की इन्सुलिनची गरज वाढते. जुन्याच डोसवर शुगर २०० च्या वर बसते, आणि चढ्या शुगरने जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. क्लबने दिलेली परतीची तारीख पुढे जाते आणि दोष गुडघ्याला दिला जातो. दुखापतीच्या दुसऱ्या दिवशीच डोस पुन्हा बांधून घ्या, आणि सराव पुन्हा सुरू होईल तेव्हा उलट दिशेने पुन्हा एकदा.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचाच. त्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जड वजनं आणि धडका दोन्ही धोक्याच्या, आधी उपचार. पायाचे फोड लहान समजू नका.

टाइप टू असेल तर

या खेळात पॅसिफिक बेटांच्या वंशाचे खेळाडू मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या समाजांत टाइप टूचं प्रमाण जास्त आहे. आपल्या भारतीय घरांतही ते आहेच. सिडनीच्या पॅरामॅटा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलं शाळेत लीग खेळू लागली असतील तर घरातला इतिहास प्रशिक्षकाला आधीच सांगावा. खेळत असेपर्यंत टाइप टू सहसा आटोक्यात राहतो. तो उसळतो तो खेळ थांबल्यावर.

खेळ थांबल्यावर

निवृत्तीच्या महिन्यात ताट तेवढंच राहतं आणि धावणं संपतं. टाइप वनवाल्याची इन्सुलिनची गरज काही आठवड्यांत चढते, टाइप टूवाल्याचं वजन. क्लबचा डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फुकट मिळणारे सेन्सर, सगळं एकाच दिवशी बंद होतं. म्हणून शेवटच्या सीझनमध्येच बाहेरचा हार्मोनतज्ज्ञ गाठावा, सगळ्या रिपोर्टांच्या प्रती स्वतःकडे घ्याव्यात, आणि सेन्सरचा खर्च पुढे कोण देणार हे करार संपण्याआधी लेखी विचारून घ्यावं. डोपिंगची सूट मात्र निवृत्तीची रीतसर नोंद होईपर्यंत चालू ठेवा. तोवर तपासणीला माणूस दारात येऊ शकतो.